उजव्या हाताची चार बोटं

टक्.

एवढाच आवाज झाला होता. हेल्मेटच्या काचेवर कोणीतरी नखाने टिचकी मारावी तेवढा. जानेवारीतली गोष्ट आहे, कोरेगावला मावशीच्या नातवाचं बारसं उरकून मी आणि आई गाडीवरून साताऱ्याला परत येत होतो, माहुलीचा पूल अजून पुढे होता, सात वाजून गेले होते आणि थंडी अशी की बोटं हँडलवर आखडून गेलेली. समोरून एक गाडी अप्पर टाकून आली, डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं, आणि ती निघून गेल्यावर त्या पांढऱ्याच्या जागी एकदम काळी भिंत उभी. उसाची ट्रॉली. पंक्चर झालेली, अर्धी डांबरावर अर्धी साइडपट्टीवर, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर. बाभळीची एक फांदी टाकलेली होती, नव्हती असं नाही, पण ती ट्रॉलीपासून चार-पाच पावलांवर, म्हणजे फांदी दिसेपर्यंत ट्रॉलीच आलेली. मग मागचं चाक चर्र करत घसरलं, गाडीची शेपटी डावीकडे गेली, आईच्या मांडीवरचा घुगऱ्यांचा डबा माझ्या पाठीत बसला आणि आम्ही थांबलो. ट्रॉलीतून बाहेर आलेलं उसाचं एक टोक माझ्या काचेला टेकलं, ते हे टक्.

पडलो नाही, लागलं नाही. आई म्हणाली, "काय झालं रे?" कारण तिला माझ्या पाठीपलीकडचं काहीच दिसत नव्हतं. ट्रॉलीखालून एक पोरगा जॅक सोडून बाहेर आला, वीस-बावीसचा असेल, कानाला मफलर, हात काळे, आणि तोच घाबरून विचारायला लागला, "दादा, लागलं का? काकू, लागलं का?" माझ्या तोंडात शिवी आली होती ती त्याच्याकडे बघून परत गेली. तोही बिचारा रस्त्यावर आडवा पडून चाक बघत होता, माझ्यासारखा दुसरा कोणी आला असता तर ट्रॉलीच्या आधी तोच सापडला असता. ट्रॅक्टरवर गाणं मोठ्याने चालूच होतं. फांदी अजून लांब टाक एवढं त्याला सांगितलं, त्याने लगेच ती ओढत नेली, आणि आम्ही निघालो. घरी आलो, जेवलो, आईने बारशात कोण काय बोललं ते सगळं परत सांगितलं, झोपलोही.

पण दोन दिवसांनी गाडी पुसताना काचेवर ती रेघ दिसली. उजव्या डोळ्याच्या बरोबर समोर, बोटभर लांब. पुसून गेली नाही. आणि ती रेघ बघताना मला दोन गोष्टी एकदम कळल्या, ज्या त्या रात्री कळल्या नव्हत्या. एक म्हणजे, मी पुढचा ब्रेक दाबलाच नव्हता. आठवून आठवून बघितलं. पाय आठवत होता, पूर्ण उभा राहिल्यासारखा मागच्या ब्रेकवर. डावा हात आठवत होता, क्लच गच्च आवळलेला. उजव्या हाताची चार बोटं मात्र ॲक्सिलेटरच्या रबरावर मूठ करून बसली होती, घाबरून झाडाची फांदी धरावी तशी. सव्वीस वर्षं गाडी चालवतोय मी. आणि दुसरी गोष्ट, त्या काचेच्या मागे माझा डोळा होता, आईच्या डोळ्यांपुढे काय होतं? माझा खांदा. आणि डोक्यावर साडीचा पदर, थंडी म्हणून घेतलेला.

पुढचा ब्रेक न दाबणं मला शिकवलेलं आहे, हे मी विसरलो होतो. पप्पांकडे सीडी १०० होती, काळी, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, आणि गावाच्या वेशीबाहेरच्या मैदानावर त्यांनी मला गाडी शिकवताना पहिलं वाक्य गिअरचं नव्हतं, क्लचचं नव्हतं. "पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. तोंडावर आपटशील." हे इतक्या गंभीरपणे सांगितलेलं की मी पहिलं वर्षभर तो लिव्हर म्हणजे शोभेचा आहे असंच समजून चाललो. त्यामागचं कारण आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मी सातवी-आठवीत असताना गावाच्या रस्त्यावर नवीन डांबर पडलं होतं, वरून बारीक खडी पसरलेली, पप्पा वळणावर आले, समोर म्हैस, त्यांनी पुढचा ब्रेक कचकन दाबला आणि खडीवर पुढचं चाक अडकून हँडल फिरलं. गळपट्टीचं हाड मोडलं. दीड महिना हात गळ्यात. मला अजून आठवतं, आई त्यांना भात कालवून द्यायची आणि ते डाव्या हाताने चमचा धरायचे. त्या एका पडण्यातून आमच्या घराने एक नियम काढला. तो मला मिळाला, माझ्याकडून माझ्या धाकट्या भावाला गेला, चुलतभावांना गेला. पप्पा आता नाहीत, पण माहुलीच्या त्या अंधारात माझ्या बोटांना अडवायला तेच आले होते असं मला वाटतं. आणि त्यांना चूक म्हणवत नाही. वळणात, सुट्या खडीवर, गाडी तिरकी असताना पुढचा ब्रेक आवळला तर आजही तेच होणार. त्यांनी त्या रस्त्यासाठी बरोबर सांगितलं होतं. फक्त रस्ता बदलला, गाडी बदलली, वेग बदलला, आणि नियम तसाच राहिला.

आमच्या गाड्या बघणारा मिस्त्री आहे, त्याच्याकडे दर तीन महिन्यांनी जातो. त्याला हे सांगितलं तर तो काही बोलला नाही, माझ्याच गाडीशी खाली बसला, पुढच्या डिस्कचे पॅड काढून माझ्या हातात ठेवले. "हे बघा. तीन वर्षांत एवढेच झिजलेत. आणि मागचे लायनर मी तुमचे दोनदा बदलले." मग म्हणाला इथे गाड्या येतात त्यातल्या निम्म्या अशाच असतात, मागचा लायनर पत्र्यापर्यंत गेलेला आणि पुढचा नव्यासारखा, गाडी बघून मला कळतं माणूस कसा थांबतो. त्याने मला जे सांगितलं ते तसं कुठेही सापडेल, पण हातात ते न झिजलेले पॅड असताना ऐकणं वेगळं होतं. ब्रेक लावला की सगळं वजन पुढे येतं. आपण बसमध्ये उभे असतो आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो तेव्हा आपण पुढे जातो ना, तसंच गाडीचं. म्हणजे पुढचं चाक रस्त्यावर जास्त दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं, आणि हलक्या चाकाला तुम्ही कितीही ब्रेक लावा, ते लॉक होऊन घसरणार, थांबवणार नाही. जोरात थांबायचं असेल तर काम बरंचसं पुढचं चाकच करतं. आणि मी मागच्यावर उभा राहिलो होतो.

क्लचबद्दलही त्याने एक सांगितलं, ते मला फार लागलं. घाबरलं की माणूस दोन्ही मुठी आवळतो. स्कूटरवर डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो, त्यामुळे तिथे निदान काहीतरी होतं. मोटरसायकलवर डाव्या हाताला क्लच, तो आवळला की इंजिन सुटतं आणि इंजिनाने जी काय गाडी ओढून धरलेली असते तीही सुटते. आमच्या घरात दोन्ही आहेत, बायकोची स्कूटर आणि माझी मोटरसायकल, सकाळी दूध आणायला मी स्कूटर नेतो आणि ऑफिसला मोटरसायकल. म्हणजे माझ्या डाव्या हाताला आपण नेमकं काय आवळतोय हे कधी पक्कं ठरवताच आलं नसणार.

"पुढचा दाबायचा नाही, पिळायचा," असं तो म्हणाला. मला नीटसं कळलं नाही. घरी येऊन आईला सांगत होतो, ती लसूण सोलत बसली होती, तिने माझं बोलणं पूर्ण ऐकलं आणि हात पदराला पुसून माझी दोन बोटं तिच्या मुठीत घेतली. "धार काढल्यासारखं म्हणत असंल तो." आई गावाला असताना दोन गाईंची धार काढायची. तिने मला करून दाखवलं, आधी बोटं नुसती टेकली, मग हलकीच मिटली, मग वरून खाली एकेक करत घट्ट होत गेली, कुठेही झटका नाही, आणि शेवटी इतकी जोरात आवळली की माझी बोटं दुखली. "एकदम ओढलंस तर लाथ मारती. आधी तिला कळू द्यायचं हात लागलाय म्हणून." मी ते दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला सांगितलं तर तो म्हणाला, बरोबर हेच. आधी हलकं, म्हणजे वजन पुढे येतं, पुढचं चाक रस्त्यावर बसतं, मग बसलेल्या चाकावर जोर वाढवायचा. पप्पांनी न बसलेल्या चाकावर, खडीवर, एकदम जोर टाकला होता.

मग मी रविवारी सकाळी एमआयडीसीत जायला लागलो. कारखाने बंद, रस्ते रिकामे, फक्त कुत्री आणि चहाची एक टपरी. खडूने आडवी रेघ मारली, चाळीसच्या वेगाने येऊन रेघेवर ब्रेक, आणि थांबल्यावर पावलं मोजायची. आधी एकटा मागचा, माझ्या सवयीचा. चोवीस पावलं, आणि त्यात दोनदा शेपूट घसरलं. मग दोन्ही. पहिल्या वेळी बोटं वळलीच नाहीत, खरं सांगतो, रेघ आली आणि गेली, पाय बरोबर दाबला गेला आणि हात तसाच. दुसऱ्या वेळी तेच. चौथ्या की पाचव्या वेळी बोटं पोचली आणि गाडीचं नाक खाली गेलं, पोटात खड्डा पडला, वाटलं आता उलटतोय, ते गळ्यात बांधलेला हात वगैरे सगळं डोळ्यांपुढे, आणि गाडी थांबली. सरळ. सतरा पावलं. तीन रविवारांनंतर तेरा. चोवीस आणि तेरा यांच्यामध्ये अकरा पावलं आहेत. मी ती अकरा पावलं परत परत चालून बघितली त्या रस्त्यावर, टपरीवाला माझ्याकडे बघत होता. एवढ्यात एक अख्खी ट्रॉली मावते.

वेगाचा हिशोबही तिथेच उभं राहून केला, शाळेत हे सगळं गणित येऊन गेलं होतं पण कधी रस्त्यावर आणलं नव्हतं. ताशी पन्नास म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. काहीतरी दिसलं, ते काय आहे ते कळलं आणि बोटं हलली, यात एक सेकंद सहज जातो, अंधारात जास्तच. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच १४ मीटर गेले. आणि वेग चाळीसवरून साठ केला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत दीडपट जागा लागत नाही, सव्वादोनपट लागते. माहुलीजवळ मी पन्नासच्या आसपास होतो, समोरचा अप्पर गेल्यावर क्षणभर आंधळा, म्हणजे मला जेवढं दिसत होतं त्याच्याही पलीकडे जाऊन थांबेल अशी गाडी मी चालवत होतो. ब्रेक कितीही शिकलो तरी त्या रात्री खरं चुकलं ते तिथे. समोरून अप्पर आला तेव्हाच ॲक्सिलेटर सोडायला हवा होता.

माझी गाडी २०१६ची, एबीएस नाही, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय. २०१९च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं आणि त्याखालच्यांना सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा थोडा लागतो तो. भाच्याच्या गाडीला एबीएस आहे, ती एमआयडीसीत नेऊन बघितली, पुढचा ब्रेक मुद्दाम आवळला तर लिव्हर बोटांखाली थरथरतो, चाक लॉक होता होता सुटतं आणि परत धरतं. ते थरथरणं अनुभवताना मला पप्पांची फार आठवण आली. त्यांच्या गाडीला हे असतं तर. पण भाचा म्हणाला, मामा आता काय टेन्शन नाही, आणि ते मला आवडलं नाही. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, खडीला डांबर करत नाही. आणि ब्रेक दाबायलाच बोटं गेली नाहीत तर ते तरी काय करणार.

आता आईच्या डोक्याकडे येतो, कारण खरं मला छळत होतं ते हे. कायद्याने मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट आहे, आज नाही, १९८८च्या कायद्यापासून, २०१९ला केंद्राच्या कायद्यात दंड एक हजार झाला आणि लायसन तीन महिने जाऊ शकतं वगैरे. पण आपल्याकडे मागे बसलेली बाई हेल्मेट घातलेली किती दिसते? नवरा हेल्मेटमध्ये, पुढे टाकीवर पोरगं उघड्या डोक्याने, मागे बाई एका बाजूला पाय टाकून, कडेवर अजून एक पोर. मी कितीतरी वर्षं तसाच एक नवरा होतो, तसाच एक मुलगा. माझं हेल्मेट चांगलं होतं, आयएसआयचं, पट्टा लावूनच घालायचो, आणि मला वाटायचं मी काळजी घेणारा माणूस आहे. पुण्यात २०१९ला सक्तीविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा मी इथे बसून लोकांना समजावत होतो की अरे बाबांनो घाला. आणि आईला मागे बसवून कोरेगावला नेत होतो. तिला मी कधी विचारलंच नव्हतं. तिने नको म्हटलं असतं तर वेगळं, पण तिच्यापुढे प्रश्नच ठेवला नाही. तिच्या डोक्याचा निर्णय मी घेऊन टाकला होता आणि तो निर्णय आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

दुकानात नेलं तिला फेब्रुवारीत. रस्त्याकडेला दोनशे-अडीचशेला मिळतात ती नको हे मी ठरवलं होतं. २०२१च्या जूनपासून आयएसआयशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी ती टोपल्यासारखी दिसतातच, हातात घेतलं की कळतं, आतला थर्माकोल बोटभरही नाही. आणि डोकं वाचवतो तो तो थर्माकोलच. बाहेरचं कवच मार पसरवतं आणि आतला थर दबून जिरवतो, स्वतः मोडून, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी परत वापरायचं नसतं. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजी एकाच डावाचं." घालून बघितलं तर अंबाडा आडवा आला. दुकानातला पोरगा मोठ्या साइजचं द्यायला लागला, तो घोटाळा बहुतेक बायकांच्या बाबतीत होत असणार, अंबाड्यासाठी मोठं घ्यायचं आणि मग ते डोक्यावर गोल फिरतं. आईने तिथेच दुकानात, आरशासमोर, पिना काढून अंबाडा सोडला. मी तिला चार लोकांत केस मोकळे केलेलं आयुष्यात बघितलं नव्हतं. तिने खाली मानेशी सैल वेणी घातली आणि परत घालून बघितलं. गाल दाबले गेले, कानातल्या कुड्या टोचल्या, त्या काढून रुमालात बांधल्या.

"आत जात्याची घरघर आल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. मग थोडा वेळ आरशात बघत राहिली. "तुझी आजी होती तवर डोक्यावरचा पदर कधी खाली आला नाही. ती गेली तवा वाटलं, सुटलं डोकं एकदाचं."

मी काहीच बोलू शकलो नाही. पैसे देताना मला आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती, आणि त्यातलं जास्त काय होतं ते आजही सांगता येणार नाही. आपण काळजीने जे डोक्यावर ठेवतो ते घालणाऱ्याला आधीच्या कुठल्या ओझ्यासारखं लागेल हे आपल्याला कुठे माहीत असतं. पट्टा तिने स्वतः लावला, एका झटक्यात, हनुवटीखाली दोन बोटं घालून बघितली मी, बरोबर होता.

अजून एक अडचण होती जी मला आधी सुचलीच नव्हती. आई एका बाजूला बसते. साडी आहे, त्रेसष्ट वय आहे, गुडघा दुखतो, दोन्हीकडे पाय टाकून बसणं तिला जमणार नाही. कायद्यानेच मागच्या चाकाला जाळी असते साडी अडकू नये म्हणून, म्हणजे अशी बसणारी बाई सगळ्यांनी गृहीत धरलेली आहे, पण ती बसते कशाच्या आधाराने? एक हात माझ्या खांद्यावर, एक मागच्या कड्याला. मी रिकाम्या रस्त्यावर तिला सांगून, तीसच्या वेगात, शिकलेला ब्रेक लावून बघितला तर ती माझ्यावर सरकली आणि तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटलं. म्हणजे ती तेरा पावलं एकट्याची होती. ती मागे असली की मागच्या चाकावर वजन असतं, मागचा ब्रेक आधीपेक्षा जास्त कामाचा होतो हेही खरं, पण तिच्या हातांना जेवढा झटका पेलतो तेवढाच ब्रेक मला लावता येतो. बाकीचं अंतर मला आधीच मोकळं ठेवायला लागतं. आई बसली की आता मी चाळीसच्या वर जात नाही, अंधार पडायच्या आत निघतो, आणि मागचे लोक हॉर्न वाजवत ओव्हरटेक करतात.

सगळं मी करतो असंही नाही. ग्लोव्हज घेतले, कारण पडताना माणूस आधी हातच पुढे करतो, आणि ते रोज घालतो. जॅकेट घेतलं, ते लांब जाताना घालतो, गावातल्या गावात एप्रिलच्या उन्हात नाही घालवत. चप्पल घालून गाडी काढणं बंद केलं, पण कोपऱ्यावरून दूध आणायला जाताना परवाही चपलेवरच गेलो. हेल्मेट मात्र त्यालाही घालतो. हे माझं मी ठरवलेलं आहे, आणि चपलेचं बरोबर ठरवलंय असं मला वाटत नाही.

मार्चच्या शेवटी परत कोरेगावला गेलो, मावशीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं तिला बघायला. येताना ऊन होतं अजून, रस्त्याच्या कडेने वाळलेलं पाचट उडत होतं, हंगाम संपत आलेला. मावशीच्या गल्लीत बायका आईला हेल्मेटमध्ये बघून हसल्या होत्या, एकीने विचारलं, "पोलिसात लागलीस का गं?" आणि आई म्हणाली, "लेकानं घेतलंय," एवढंच, आणि पट्टा लावला. मी दोन बोटं पुढच्या लिव्हरवर टेकवून चालवत होतो, आता ती आपोआप तिथे जातात. माहुलीच्या अलीकडे ती जागा आली. ट्रॉलीच्या चाकांना लावलेले दगड तिथेच होते, तीन मोठे, दोन साइडपट्टीवर आणि एक सरळ डांबरावर. दोन महिने मी ऑफिसच्या कामाला त्या रस्त्याने जाताना तो दगड चुकवून जात होतो. दर वेळी दिसायचा, दर वेळी हँडल थोडं उजवीकडे घ्यायचो आणि पुढे.

"थांब," आई मागून म्हणाली.

मी आरशात बघितलं, मागे कोणी नव्हतं, बाजूला घेऊन थांबलो. ती उतरली, पदर खोचला, हेल्मेट तसंच डोक्यावर, आणि वाकून दगडाला हात घातला. एकटीला हलेना. मी स्टँड लावून गेलो. दोघांनी मिळून तो चरीत ढकलला, मग बाकीचे दोन. खाली ओल होती, त्यात काळे मुंगळे होते, ते सैरावैरा डांबरावर पळाले. आईने काच वर केली, हात झटकले, आणि मागून एसटी येते आहे का ते बघून परत गाडीवर बसली.